वाचकांचे प्रश्न : दप्तरातले पूर्वज

या वेळच्या टपालात बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागांतून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : पणजोबांच्या मागे कसं जायचं? कुणाला उत्सुकता आहे, कुणाला घराण्याची वंशावळ नीट लिहून ठेवायची आहे. वाटणीच्या दाव्यासाठी कागद हवे असतील तर वकील गाठा. इथली उत्तरं वंशशोधापुरतीच.

प्रश्न : आजोबांचं नाव लक्ष्मण, त्यांच्या वडिलांचं बहुधा रामा. त्यापुढं घरात कुणालाच माहीत नाही. गावात आमच्या आडनावाची चाळीसेक घरं आहेत. जुनी नोंद मागायला गेलं की सर्व्हे नंबर विचारतात. आम्हाला नाव शोधायचंय, नंबर कशाला? (खानापूर तालुका)

नंबर विचारणाऱ्याचं बरोबर आहे. महसुली दप्तर आडनावावर लावलेलं नसतं, जमिनीवर लावलेलं असतं. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा या क्रमानं ते उघडतं. शिवाय जुन्या नोंदींत आडनाव लिहायची पद्धतच पक्की नव्हती. 'लक्ष्मण रामा' एवढंच लिहून कुलकर्णी मोकळा व्हायचा. चाळीस घरांच्या गावात असे चार-पाच लक्ष्मण रामा निघतील, आणि त्यातला तुमचा कोणता हे फक्त शेत सांगू शकतं.

म्हणून आज घरात कुणाच्या नावावर तुकडा असेल तर त्याची पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारासारखा उतारा, काढा. जमीन विकून गेली असली तरी चालतं, भाऊबंदांपैकी कुणाची तरी पहाणी मिळवा. पहाणीच्या ९ व्या रकान्यात कब्जेदाराचं नाव असतं आणि १० व्यात ती जमीन त्याच्याकडे कशी आली ते, फेरफार नंबरासह (फेरफार म्हणजे मालकी बदलल्याची नोंद). हा नंबर म्हणजे तुमची पहिली कडी. तो फेरफार काढला की आधीच्या मालकाचं नाव कळतं. मग त्याच्या नावाची जुनी पहाणी, तिच्यावरचा आधीचा फेरफार, असं एकेक पायरी मागे सरकायचं. 'भूमी' या सरकारी संगणक प्रणालीत आलेल्या नोंदी साधारण २००० च्या पुढच्या. त्याआधीच्या हातानं लिहिलेल्या पहाण्या आणि फेरफार तालुका कचेरीच्या अभिलेखालयात असतात. 'भू सुरक्षा' योजनेत या जुन्या कागदांचं स्कॅनिंग चालू आहे, तेव्हा तुमच्या गावाचं झालं का ते आधी विचारा, म्हणजे गठ्ठे सोडवायची वेळ येणार नाही.

सगळ्यांत मोलाची नोंद 'वारसा' या प्रकारची. 'अमुक इसम मयत, वारस मुलगे तीन' अशा एका ओळीत दोन पिढ्या एकदम मिळतात. मात्र ती वाचताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. म्हातारा गेल्यावर नाव तसंच राहायचं आणि सोसायटीचं कर्ज काढायची किंवा शेत विकायची वेळ आली की मग वारसा लागायचा. दहा-पंधरा वर्षांचं अंतर सहज असतं. मजकुरात मृत्यूची वेगळी तारीख दिली असेल तर ती घ्या, नाहीतर 'या तारखेपूर्वी मयत' एवढंच लिहा.

नावापुढे 'ए. कु. क.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता. म्हणजे त्याच्या मागे भाऊ आहेत आणि त्यांची नावं या कागदावर नाहीत. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. तो बाप नसून चुलता किंवा मामाही असू शकतो. वंशावळीत याच जागी घोटाळे होतात, कारण पालनकर्त्याचं नाव बापाच्या जागी चढवलं जातं.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत, मुलगे असले की मुलींची नावं बहुधा येत नाहीत. त्या नव्हत्या असं समजू नका.

चौथी गोष्ट कुळांची. १ मार्च १९७४ पासून लागू झालेल्या जमीन सुधारणेत ज्यांना कूळ म्हणून जमीन मिळाली, त्यांची साखळी तिथेच तुटल्यासारखी दिसते, कारण मागचा मालक त्यांच्या रक्ताचा नसतो. अशांनी त्याआधीच्या पहाण्यांत १२ व्या रकान्यात, म्हणजे कसणाऱ्याच्या आणि पिकाच्या नोंदीत, आपलं नाव शोधावं. कुळानं भूमी न्यायमंडळाकडे दिलेला ७ नंबरचा फॉर्मही मागावा.

आता एक हिशेब. सर्व्हे नंबर ८ एकर २० गुंठ्यांचा आहे आणि त्याचे आज तीन हिस्से आहेत : ४ एकर १० गुंठे, २ एकर ५ गुंठे, २ एकर ५ गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर धरला तर ते १७०, ८५ आणि ८५ गुंठे, बेरीज ३४०. म्हणजे आधी दोन भावांत निम्मी-निम्मी वाटणी झाली आणि पुढे एका भावाच्या दोन मुलांत पुन्हा झाली, हा अंदाज कागद न वाचताही बांधता येतो. हिस्सा नंबर १, २अ, २ब असे असतील तर अंदाज आणखी पक्का. बेरीज जमत नसेल तर एखादा हिस्सा विकला गेला आहे, किंवा पोटखराबा, म्हणजे पिकाला नालायक भाग, वेगळा धरला आहे, किंवा नंतर मोजणीनं क्षेत्र बदललं आहे. शेवटच्या बाबतीत कमी-जास्त पत्रक मागा. आपल्याकडच्या कचेऱ्यांत त्याला सरळ 'के. जे. पी.' म्हणतात.

हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं आली, त्यामुळे फेरफारांची साखळी त्यापलीकडे जात नाही. त्याआधीचं काम सर्व्हे खात्याचं. १८४७ च्या संयुक्त अहवालानं ठरवलेल्या पद्धतीनं जी मोजणी झाली, तिचे आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची यादी), टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा) हे कागद भूमापन विभागाकडे असतात, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नव्हे. दोन्ही कचेऱ्या एकाच आवारात असल्या तरी अर्ज वेगळा करा. आकारबंदात नंबर, क्षेत्र आणि आकार म्हणजे सारा असतो, माणसाचं नाव मिळेलच असं नाही. हिस्सा मोजणीच्या टिपणावर मात्र त्या वेळच्या हिस्सेदारांची नावं सापडतात.

अर्जात गाव, होबळी (तालुक्याचा पोटविभाग), सर्व्हे नंबर आणि 'अमुक साल ते अमुक साल' एवढं नेमकं लिहा. 'आमच्या घराण्याची सगळी कागदपत्रं' असं लिहिलंत तर उत्तर नकारार्थी येणार, आणि त्यात कारकुनाचा दोष नाही. माहिती अधिकारात मागणार असाल तर कर्नाटकात नियम वेगळे आहेत : एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानं गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत करायचा हक्क तुम्हाला आहे. पण गठ्ठा शोधून देणारा माणूस कानडी वाचतो, म्हणून गावाचं नाव आणि नंबर तरी कानडीतही लिहून द्या. हक्क आपल्या जागी, काम आपल्या जागी.

प्रश्न : आमचं जुनं घर बेळगावातल्या शहापुरात. १९३० च्या सुमाराला पणजोबांनी ते खरेदी केलं असं ऐकतो. उपनिबंधक कचेरीत शोध घेतला तर काहीच सापडलं नाही. (बेळगाव)

सापडणारच नाही. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. बेळगाव ब्रिटिश मुलखात आणि त्याला चिकटलेलं शहापूर संस्थानात, अशी ती गंमत होती. ब्रिटिश हिंदुस्थानचा नोंदणी कायदा संस्थानाला लागू नव्हता, म्हणून ते खरेदीखत बेळगावच्या पुस्तकात चढलेलं नाही. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, तिथून पुढचे व्यवहार बेळगावात पाहा. त्याआधीचा कागद बहुधा घरातच निघेल. ट्रंकेत, देवघरामागच्या कपाटात सांगली संस्थानचा स्टॅम्प असलेला कागद शोधा. आजचा मालक कोणत्या साखळीनं आला हे सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरून, म्हणजे सी. टी. एस. नंबरावरून लावता येईल.

हाच नियम सगळ्या जिल्ह्याला. आज गाव कुठे आहे ते महत्त्वाचं नाही, त्या साली कुठे होतं ते पाहा. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ ला विलीन झालं, म्हणून रायबागकरांनी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करावी. रामदुर्ग स्वतंत्र संस्थान. ब्रिटिश मुलखातही नावं बदलली आहेत : जुन्या कागदावरचा 'संपगाव तालुका' म्हणजे आजचा बैलहोंगल, 'परसगड' म्हणजे सौंदत्ती, आणि 'बिडी' दिसलं तर खानापूर समजा. निपाणी आणि कागवाड तालुके अलीकडचे आहेत. निपाणीचे जुने गठ्ठे चिकोडीत आणि कागवाडचे अथणीत विचारा. खुद्द बेळगाव जिल्हाही १८३६ चा, त्याआधी हा मुलूख धारवाड कलेक्टरीत होता.

प्रश्न : चंदगडचे आम्ही, पण आजोबांच्या कागदांवर 'जिल्हा बेळगाव' असं आहे. लिहिणाऱ्याची चूक का? (चंदगड)

चूक नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढं कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं. गावपातळीच्या नोंदी चंदगडला पाहा. जिल्हा पातळीवर चाललेलं प्रकरण असेल, म्हणजे अपील किंवा वतनाचा वाद, तर बेळगावला.

प्रश्न : पहाणीवर नाव 'रामप्पा', शाळेच्या दाखल्यावर 'रामचंद्र', घरात म्हणायचे 'रामू'. एकच माणूस की तीन? त्याआधीचे कागद तर मोडीत आहेत. (हुक्केरी तालुका)

एकच असण्याची शक्यता मोठी, पण नावावरून ठरवू नका. बापाचं नाव, सर्व्हे नंबर आणि साल या तीनपैकी दोन जुळले तर एक माणूस धरा. आपल्या भागात मराठी घरांतही कल्लाप्पा, नागप्पा, भरमाप्पा, यल्लाप्पा ही नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि 'अप्पा' लावणं-काढणं लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असे. संगणकावर चढवताना आणखी एक फेरा झाला : मोडीतून कानडीत, कानडीतून टायपिंगमध्ये. म्हणून शोधताना एकाच नावाची चार-पाच रूपं आधी कागदावर लिहून घ्या. आकडेही तपासा. हातानं लिहिलेले कानडी सहा आणि नऊ भल्याभल्यांना फसवतात, आणि त्यात सर्व्हे नंबर चुकला की तुम्ही दुसऱ्याच्या शेतात शिरता.

नात्याचे शब्द पाठ करा. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'गंगा कोम रामा' यात रामा नवरा आहे, बाप नव्हे. कानडी नोंदींतही बिन आणि कोम जसेच्या तसे येतात. 'तंदे' दिसलं तर वडील, 'गंड' म्हणजे नवरा.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, रेघ आधी ओढून खाली सलग लिहिलेलं असतं, शब्द तोडलेले नसतात. सुरुवात मजकुरापासून न करता ठरावीक शब्दांपासून करा : मौजे, परगणे, ता॥, रा॥, मग गावाचं नाव. गावाचं नाव तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळे त्या कारकुनाचं अक्षर त्यावरून लागतं. रकमेत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे १२ पै असल्यामुळे पाव रुपया म्हणजे ४ आणे.

सालांचा गोंधळ सगळ्यांनाच होतो. मुंबई इलाख्यातल्या फसली सालात ५९० मिळवा : फसली १३०० म्हणजे १८९०-९१. त्याहून जुन्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत येतो, एकक आधी आणि हजार शेवटी. 'खमस अशरीन मयातैन व अलफ' म्हणजे ५, २०, २०० आणि १०००, मिळून १२२५. त्यात ५९९ मिळवले की १८२४, आणि हे साल मृगापासून पुढच्या मृगापर्यंत, म्हणून १८२४-२५ असं लिहा. शकात ७८ मिळवायचे हे बहुतेकांना ठाऊक असतं. सन कोणता ते न बघता बेरीज केल्यामुळे आजोबा नातवाच्या नंतर जन्मलेल्या वंशावळी लोकांनी छापलेल्या आहेत.

प्रश्न : भालकीकडचे जुने कागद उर्दूत आहेत. हीच रीत चालेल का? (बिदर जिल्हा)

जमिनीवरून माणसाकडे जायची रीत तीच, कागदांची नावं वेगळी. बिदर हैदराबाद संस्थानात होतं. तिथे १९५४-५५ ची खासरा पहाणी ही भक्कम पायरी आणि मोजणीच्या बाजूनं सेतवार, म्हणजे तिथलं मोजणीचं रजिस्टर. फसली साल तिथे जूनमध्ये नव्हे, ऑक्टोबरात 'आजूर' महिन्यापासून सुरू होई, त्यामुळे महिना पाहिल्याशिवाय इसवी साल ठरवू नका.

प्रश्न : पणजीचं माहेर आणि मूळ नाव शोधायचंय. जमिनीच्या कागदांत ती कुठंच नाही. (निपाणी)

बायकांचा शोध वेगळ्या वाटेनं घ्यावा लागतो. पहिली वाट जन्म-मृत्यूचं गावरजिस्टर. आजची पद्धत १९६९ च्या कायद्याची, १ एप्रिल १९७० पासूनची. त्याआधीची रजिस्टरं गाव आणि वर्षाप्रमाणे लावलेली असतात आणि जुनी बहुधा तहसीलदार कचेरीत जमा झालेली असतात. नावावरून शोधायची सोय नाही, पान उलटत जावं लागतं, म्हणून आधी पाच वर्षांच्या आत साल आणा.

पणजीची सगळ्यात मोठी मुलं कोणती ते काढा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यामुळे थोरल्या मुलाची जन्मनोंद सासरच्या गावात नसून माहेरच्या गावात असते. 'नोंदच नाही' म्हणून लोक थांबतात ते इथे. थोरल्याच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मस्थळाचा रकाना असतो. तिथे वेगळ्या गावाचं नाव दिसलं की ते बहुधा तिचं माहेर.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव शोधू नका. खबर बारशाच्या आधीच दिलेली असते, म्हणून 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव एवढंच मिळतं. मृत्यूच्या नोंदीतलं वय ४०, ५०, ६० असं गोल असेल तर मागेपुढे पाच वर्षं सोडा. १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझात माणसं पटापट गेली. त्या काळातल्या नोंदी उशिरा किंवा शेजारच्या गावात झालेल्या असू शकतात. कारणाच्या रकान्यात 'ताप' म्हणजे काहीही.

दुसरी वाट दस्तांची. १९५६ नंतर मुलींचे हक्क आल्यावर त्यांच्याकडून सोडपत्रं करून घेतली गेली. हे वाईट की चांगलं तो विषय वेगळा, वंशशोधकाला मात्र त्यात बहिणींची सासरची नावं आणि गावं एकगठ्ठा मिळतात. उपनिबंधक कचेरीत १ नंबरच्या पुस्तकात स्थावराचे दस्त असतात आणि ते कुणालाही पाहता येतात. 'कावेरी' या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर २००४ च्या पुढचा शोध होतो, मागचा इंडेक्स हातानं चाळावा लागतो : १ नंबरचा नावावरून, २ नंबरचा मिळकतीवरून.

नोंद सापडली नाही तर तसा लेखी दाखला घ्या आणि कोणत्या गावाची कोणती सालं तपासली ते त्यावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुमचा पुतण्या तीच पानं पुन्हा उलटणार नाही.

प्रश्न : शाळेच्या दाखल्यावर आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि एक चुलतभाऊ, सगळ्यांची जन्मतारीख १ जून. खरी मानायची का? (बेळगाव तालुका)

नाही. मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबानं घातलेली तारीख आहे ती. सालाला अंदाज माना. दाखला घेण्यापेक्षा जनरल रजिस्टरचं पान बघा, त्यात आधीची शाळा, नाव काढल्याची तारीख आणि कारण असतं. 'परगावी गेल्याने' या दोन शब्दांवरून कुटुंबाचं स्थलांतर कळतं.

प्रश्न : १९०१ च्या जनगणनेत आमच्या घराची माहिती कुठे मिळेल? (गोकाक)

मिळणार नाही. गावाची लोकसंख्या आणि तक्ते छापलेले आहेत, घरोघरच्या नोंदी वंशशोधासाठी उपलब्ध नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे कुलकर्णी वतन होतं. मूळ कागद पुण्यात आहेत असं म्हणतात. काय मागायचं? शिवाय एक हेळवी (घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा) येऊन आमची दहा पिढ्यांची नावं म्हणून दाखवतो, ती धरायची का? (अथणी तालुका)

वतनदारांचं नशीब चांगलं, कारण वतन टिकवायला त्यांना वेळोवेळी वंशावळ सादर करावी लागली. १८७४ च्या वतन कायद्याखाली केलेलं वतन रजिस्टर आणि त्यासोबतची प्रकरणं महसुली दप्तरात विचारा. कोणती शाखा काम करणार हे ठरवायचं असल्यामुळे सगळ्या शाखा लिहिलेल्या असतात. कुलकर्णी वतनं १ मे १९५१ ला रद्द झाली. त्या वेळच्या नोंदींत शेवटच्या वतनदारांची नावं मिळतील. पाटीलकीची प्रकरणं मात्र पुढे चालली, ती १९६१ च्या कर्नाटकच्या ग्रामाधिकार निर्मूलन कायद्यापर्यंत.

त्याआधीसाठी पुणे पुराभिलेखागार. तिथे पेशवे दप्तर आहे आणि इनाम कमिशनचे कागदही. १८५२ च्या ११ व्या कायद्यानं या कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना सनदा, कैफियती पुढे करून हक्क शाबीत करावे लागले. तिथे आडनाव सांगून उपयोग नाही. मौजे, तर्फ, परगणा आणि इनामाचा प्रकार लिहून न्या. परगण्याचं जुनं नाव घरातल्या एखाद्या सनदेवर किंवा गावच्या जुन्या हक्कनोंदीत सापडेल. कागद मोडीत आहेत, वाचणारा सोबत ठेवा.

एक सावधगिरी. वतनाच्या वादात सादर केलेली वंशावळ ही एका पक्षाची बाजू असते. नको असलेली शाखा गाळणं, दत्तकाला औरस दाखवणं हे त्यात सर्रास चाले. म्हणून विरुद्ध पक्षाची वंशावळही त्याच प्रकरणातून मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा. दत्तकाचा संशय असेल तर उपनिबंधकाकडे ३ नंबरचं पुस्तक आहे, मृत्युपत्रं आणि दत्तक घ्यायचे अधिकारपत्र त्यात चढतात. ते सगळ्यांना खुलं नसतं, नक्कल कुणाला द्यायची याचे निर्बंध आहेत.

हेळव्याची नावं जरूर उतरवून घ्या, तो म्हणेल त्याच क्रमानं, मध्ये न टोकता. शक्य असेल तर आवाजही टिपून ठेवा. नंतर त्यातल्या ज्या पिढ्या कागदावर सापडतील त्यांच्यापुढे कागदाचा नंबर लिहा, बाकीच्या पेन्सिलीनं ठेवा. नाडकचेरीतून, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीतून, मिळणारा वंशवृक्षाचा दाखला याहून फार वेगळा समजू नका. तोही प्रतिज्ञापत्र आणि पंचनाम्यावरच उभा असतो, आणि पंचांना तुमच्या खापरपणजोबांची माहिती तुम्हीच दिलेली असते.